डोनटच्या पाटीखालचा मोले

लिनवुड, १८ जानेवारी १९९८

ओटिलियाताई,

फोन करणार होते. पण फोनच्या दुकानातला तो भोंगा सगळ्या गावाला ओरडून सांगणार, की ओटिलियाबाई, सीमेपलीकडून, उत्तरेतून बहिणीचा फोन. तू धापा टाकत येईपर्यंत निम्मा गाव तिथे कान लावून बसलेला असणार. म्हणून लिहिते. पार्सलवाले आर्तेमियोकाका परवा निघतायत, त्यांच्या हाती देईन.

आमचं कपडे धुण्याचं यंत्र नाताळातच बिघडलं. तेव्हापासून दर रविवारी चर्चमधून आले की मी बोचकं घेऊन कोपऱ्यावरच्या धुलाईच्या दुकानात जाते. त्याला लागून एक जागा आहे. पूर्वी तिथे डोनट मिळायचे, आणि पाटीवर अजून ते गुलाबी डोनटच आहेत. आत सहा टेबलं आणि एक फळा, त्यावर बरीटो, टाको, बर्गर. इतक्या वर्षांत मी तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आज माझे कपडे फिरत होते आणि त्या जागेच्या मागच्या दारातून मिरचीच्या बिया जाळल्याचा वास आला. शेजारच्या बाकावरची बाई नाक दाबून बाहेर पळाली आणि मी उलटी वासाच्या दिशेने आत गेले.

काउंटरवर एक बाई होती, तुझ्याच वयाची. विचारलं, "आत काय चाललंय?"

"काही नाही, भांडं करपलं."

"बाई, करपलेलं भांडं आणि मोलेसाठी जाळलेल्या बिया यातला फरक मला कळतो. मी ओआहाकाच्या खोऱ्यातली आहे."

मग ती हसली. म्हणाली, "रविवारी करते थोडा. फळ्यावर लिहीत नाही. लिहिलं की लोक येऊन विचारतात हा रस्सा एवढा काळा कसा, आणि केचप मागतात."

कोंबडीची तंगडी, भात, वरून काळ्या मोलेचा दाट रस्सा आणि तीळ. पहिला घास घेतला आणि मला कळेना मी कुठे बसलेय. ताई, तो तुझा हात होता. हुबेहूब तुझा. तू वर्षानुवर्षं दर नोव्हेंबरात डब्यातून पाठवलेला मोले, तोच. मी तिथे बसून इतकी रडले की अबुंदियो बायको कुठे गेली म्हणून शोधत आला. तोवर कोणीतरी माझे ओले कपडे यंत्रातून काढून खुर्चीवर ढीग घातला होता.

बाईंचं नाव विचारायचं राहिलं. कोणाकडून शिकलात विचारलं तर म्हणाल्या, "होत्या एक बाई."

आता मुद्द्याचं. नायेलीच्या पंधराव्या वाढदिवसासाठी चर्चचा हॉल मिळाला, ९ मे, शनिवार. पोरीचा पंधरावा म्हणजे लग्नाइतकंच कार्य, दीडशे माणसं तरी होतील. तू बारा किलो मोलेचा गोळा पाठवणार होतीस. पण मी म्हणते, पाट्यावर वाकून वाकून तुझी कंबर मोडायची कशाला? या बाई इथल्या इथे करून देतील आणि चव तीच आहे. यंदा तू आराम कर. खूश ना?

तुझी,
देल्फिना

.

सान लुकास येलाग, ११ फेब्रुवारी

देल्फी,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं माझा चष्मा पुसायला झालाय.

म्हणजे तुला डोनटच्या पाटीखाली माझा हात सापडला. मला काही कल्पना नव्हती. माझे दोन्ही इथेच आहेत, आत्ता एकाने कागद धरलाय आणि दुसऱ्याने लिहितेय.

हॉटेलवाल्या बायका काय करतात ते मला सांगू नकोस. मोले दाट व्हावा म्हणून बिस्किटं कुस्करतात. तीळ महाग म्हणून शेंगदाण्याचं लोणी घालतात. तू भुकेली होतीस, दमलेली होतीस, कपडे ओले होते. अशा वेळी माणसाला उकडलेला बटाटासुद्धा आईच्या हातचा वाटतो.

आणि आराम. तू मला आराम देतेयस. तुला आठवत नसेल तर सांगते, व्हिसाच्या खिडकीवरच्या माणसाने सप्टेंबरात माझे कागद न उघडताच परत केले. मी काही त्या हॉलमध्ये येऊन नाचणार नाही. नायेली दहा महिन्यांची असताना तू तिला झोळीत घालून घेऊन गेलीस, त्यानंतर मी ती पोर पाहिलेली नाही. तिच्या पंधराव्याला माझ्या घरातून तिथे पोचणारी एकच वस्तू आहे, तो डबा. तीसुद्धा तुला आता नको. नको तर नको. पोरगी तुझी, हॉल तुझा.

चिलवाक्ले मिरच्या मी डिसेंबरातच घेऊन ठेवल्यात, काळ्याभोर, निवडून निवडून. आता उंदरांना घालते.

त्या बाईचं नाव विचार. कुठली आहे, नवरा काय करतो, कधीपासून तिथे आहे, ते विचार. मला हेवा वाटतोय अशी समजूत करून घेऊ नकोस. दीडशे माणसांना कोण जेवू घालणार याची चौकशी करायचा मावशीला हक्क आहे.

ओटिलिया

.

लिनवुड, ८ मार्च

ताई,

तू रागावलीस हे मला तिसऱ्या ओळीतच कळलं. अबुंदियो म्हणतो, "तुझ्या ताईला मोलेवरून काही बोलू नये, हे चौदा वर्षांत मलासुद्धा कळलंय आणि तुला नाही." मी तुझी कंबर वाचवत होते गं.

तू विचारलेलं सगळं विचारलं. नाव नातिविदाद. गाव डोंगराकडचं, सान बाल्तासारच्या पुढे कुठेतरी. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याला शोधत इथे आली, तर त्याने इथे दुसरा संसार थाटलेला. मूलबाळ नाही, माहेरी कोणी उरलं नाही. आधी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबली, आता ही जागा चालवते. जुनी पाटी उतरवायला शिडी लागते आणि शिडी कोणाकडे नाही, म्हणून डोनट तसेच आहेत.

बिस्किटांचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.

एक गंमत झाली. ती मला म्हणाली, "तुम्ही खोऱ्यातल्या कुठल्या?" मी म्हटलं, "सान लुकास येलाग. सिरिलाबाई मोलेवाल्यांची धाकटी." तिच्या हातातला डाव खाली परातीत पडला. उचलला, धुतला, आत गेली, आणि मग मी निघेपर्यंत बाहेर आलीच नाही. मला वाटतं आईचं नाव ऐकून तिला हेवा वाटला असणार. एवढ्या दूरसुद्धा आईचं नाव निघालं की बायका गप्प होतात, हे पाहून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

आता दुसरी गोष्ट, आणि ही वाचून भांडं आपटू नकोस. गेल्या तीन वर्षांचे तीन डबे कडवट होते. मी कळवलं नाही. थोडी साखर घातली आणि खाल्ले. मला वाटलं आई गेल्यानंतर तुझं मन लागत नसेल. कडवटपणाचं काही नाही, पण त्या गोळ्यात अवोकाडोच्या पानाचा वास नव्हता. पूर्वी झाकण उघडलं की तो वास आधी यायचा. या बाईंच्या मोलेला तोच येतो. तू पान घालायचं विसरतेस का? आणि घालतेस ते अख्खं की वाटून? बाईंना विचारायची सोय नाही, त्या आता माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

तुझी,
देल्फिना

.

सान लुकास येलाग, ३० मार्च

देल्फिना,

नातिविदाद नावाची कोणी बाई मला माहीत नाही. आपल्या गावात ते नाव नाही.

त्या डोंगराकडच्या बायकांना आपण ओळखतो. नवऱ्याला राखता आलं नाही आणि दुसऱ्याच्या चुलीत डोकावायला आल्या. तिची नजर चांगली नाही, हे तू लिहिलंयस त्यावरूनच दिसतं. अशा बाईने शुभकार्याचा मोले ढवळला तर तो फुटतो, तूप एकीकडे आणि पाणी एकीकडे. तुला शंका असेल तर कर प्रयोग, दीडशे माणसांसमोर कर.

पान अख्खंच टाकायचं असतं, मोले उकळत असताना, आणि वाढायच्या आधी काढून टाकायचं. आईने मला तसंच शिकवलं. पान वाटून घालायचं हे कोणाच्या डोक्यातून निघालं मला माहीत नाही. आमच्या घरात कधी नव्हतं.

कडवट म्हणालीस, बरं केलंस. तीन वर्षं साखर घालून खात होतीस आणि मला लिहीत होतीस, "ताई, जीव तृप्त झाला." ती पत्रं माझ्याकडे आहेत.

मी मिरच्या भिजत घातल्यात. उपासाचे दिवस आहेत, घरात खाणारं कोणी नाही, तरी घातल्यात. बारा किलो होईल. आर्तेमियोकाका पंचवीस एप्रिलला निघतील तेव्हा डबा देणार आहे. तू वापर नाहीतर त्या बाईच्या डोनटवर ओत. पण तिचा मोले त्या हॉलमध्ये वाढलास, तर मला फोटो पाठवू नकोस.

त्या जागी पुन्हा जाऊ नकोस, एवढंच सांगते.

ओटिलिया

.

लिनवुड, १२ एप्रिल, ईस्टर

ताई,

मी गेले. तू जाऊ नकोस म्हणालीस म्हणूनच गेले, हे तुला आधीच कळलेलं असेल.

तुझ्या पत्रातलं बिस्किटांचं आणि शेंगदाण्याच्या लोण्याचं मी तिला वाचून दाखवलं. मुद्दाम दाखवलं, तिला चिडवावं म्हणून. ती इतकी हसली की ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसायला लागली. आणि हसता हसता म्हणाली, "त्या तशाच बोलतात."

मी म्हटलं, "तुम्ही माझ्या ताईला ओळखता?"

तिने पाठ फिरवली. कांदा चिरायला घेतला. मी हलले नाही. शेवटी म्हटलं, "बरं, ताईचं नका सांगू. पानाचं सांगा. तुम्ही ते वाटून का घालता?"

ती म्हणाली, "ती माझी चूक आहे. लग्न होऊन नवीन आले होते. आमच्या डोंगरात काळा मोले करत नाहीत. गल्लीतल्या बाईंनी सांगितलं, पान घाल. आम्ही घेवड्यात घालतो तसं मी ते तव्यावर भाजलं, चुरलं आणि मिरच्यांबरोबर पाट्यावर वाटून टाकलं. त्यांच्या घरात पान अख्खं टाकतात आणि काढून घेतात, हे मला कोण सांगणार? बाईंना दिसत नव्हतं. बोट बुडवून चाखलं आणि ओरडल्या, कोणी नासवला हा? मी रडायला लागले. त्यांनी पुन्हा चाखला. मग म्हणाल्या, आता दर वेळी असाच नासव."

ताई, डोळे गेलेल्या, बोट बुडवून चाखणाऱ्या आणि आधी ओरडून मग कौतुक करणाऱ्या मोलेवाल्या बायका खोऱ्यात किती असतील?

घरी येऊन मी तुझ्या चिठ्ठ्या काढल्या. दर वर्षी डब्याबरोबर तू कागद पाठवायचीस. "गोळा गरम पाण्यात विरघळव, उकळ, वेगळं काही घालू नकोस." दहा वर्षं तेच. ९५ सालापासून त्यात एक ओळ वाढली, "उकळताना एक अख्खं पान टाक." तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. कारण पूर्वी पान त्या गोळ्यातच वाटलेलं असायचं. आणि तू म्हणतेस, आमच्या घरात कधी नव्हतं.

मग तो मोले कोण करत होतं?

मी परत जाऊन नातिविदादला विचारलं. म्हणाली, "तुमच्या ताईंना विचारा. मी त्यांच्या घरात वावरलेय, मी बोलणार नाही."

मी इथे लोकांच्या फरशा पुसल्या. आई गेली तेव्हा मला येता आलं नाही, म्हणून तुझा डबा उघडून त्यावर तोंड धरून बसायचे आणि म्हणायचे, निदान ताईचा हात आहे. तो एका परक्या बाईचा होता. त्या बाईला आईने चुलीजवळ उभं केलं, शिकवलं, ओरडली. मला ते मिळालं नाही, आणि तिला मिळालं हे तू मला कळू दिलं नाहीस. माझ्या पोटात कालपासून आग पडलीय. तिच्याबद्दल पडलीय की तुझ्याबद्दल, ते मला कळत नाही.

खरं काय ते लिही. नाहीतर डबा पाठवू नकोस.

देल्फिना

.

सान लुकास येलाग, २४ एप्रिल

देल्फी,

डबा पाठवतेय. पत्र डब्याच्या झाकणाखाली ठेवते, म्हणजे तुला आधी झाकण उघडावं लागेल.

नातिविदाद समोरच्या घरात सून म्हणून आली, तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी. पहिल्यांदा निखारा मागायला आली. आईचे डोळे त्याच सुमाराला गेले. आईने त्याआधी मला दोनदा चुलीजवळ उभं केलं होतं. दोन्ही वेळा मोले फुटला. तिसऱ्या वेळी तिने माझ्या हातातून डाव काढून घेतला आणि म्हणाली, "ओटिलिया, तू बाजार सांभाळ." मी बाजार सांभाळला. नातिविदाद करायची ते गोळे मी विकले. लोक म्हणायचे, सिरिलाबाईंच्या लेकीचा मोले. मी कोणाला नाही म्हटलं नाही. नातिविदादनेही कधी तोंड उघडलं नाही.

तुला मी खरं लिहिणार होते. पहिल्याच वर्षी लिहिणार होते. पण तुझं पत्र आधी आलं. त्यात तू लिहिलं होतंस, "ताई, तू आईची खरी लेक." मला तसं तोवर कोणी म्हटलं नव्हतं. ते पत्र मी देव्हाऱ्यातल्या माऊलीच्या तसबिरीमागे ठेवलं. त्यानंतर कसं लिहिणार? दर वर्षी डबा गेला की तुझं पत्र यायचं, आणि दर वर्षी लिहिणं आणखी अवघड व्हायचं.

आई गेली, दोन महिन्यांनी नातिविदाद गेली. मग मी स्वतः करायला लागले. बिया किती जाळायच्या ते मला कळत नाही. मी भिते आणि कमी जाळते, मग वाटतं काळा झाला नाही, आणि जास्त जाळते. तो कडवटपणा तुझ्या तोंडात गेला तो तिथून.

ती बाई म्हणजे नातिविदाद, हे मला तुझ्या पहिल्या पत्रात कळलं. "होत्या एक बाई," असं उत्तर दुसरं कोण देणार? मी तिच्याबद्दल जे काही लिहिलं ते खोटं. नवऱ्याचं लिहिलं ते तर नीचपणाचं. तिचा नवरा लग्न झालं तेव्हापासून तसा आहे आणि गल्लीत तिला सगळ्यात आधी सांगणारी मीच होते.

आता जे सांगते ते तिला सांगू नकोस, म्हणजे सांगितलंस तरी माझा इलाज नाही.

आईला मी आंघोळ घालायचे. कूस मी बदलायचे. चादरी मी धुवायचे. शेवटच्या वर्षी आईला माणसं ओळखू येईनाशी झाली. नातिविदाद येऊन बसायची, तिच्या हाताला मिरचीचा वास असायचा, आई तो हात धरायची आणि म्हणायची, "देल्फिना, आलीस?" नातिविदाद माझ्याकडे बघायची. मी मान डोलवायचे. मग ती म्हणायची, "हो आई, आले." आई हसायची. रोज.

मी पायाशी उभी असायचे. मला आई म्हणायची, "अगं ए बाई, जरा पाणी दे."

तू लिहिलंस पोटात आग पडली. माझ्या पोटात ती तेव्हापासून आहे. नातिविदादचा हेवा मी केला, पण तो वरवरचा. खरा तुझा केला. तू निघून गेलीस आणि तरी आईच्या तोंडात तूच होतीस, आणि माझ्याजवळ एक डबा होता आणि तोही माझा नव्हता.

हा डबा मात्र माझा आहे. सगळा मी केलाय, कोणी मदतीला नव्हतं. चांगला झालेला नाही. काय करायचं ते तू ठरव.

ओटिलिया

.

लिनवुड, १७ मे

ताई,

डबा चार तारखेला आला. पत्र वाचून मी पाच दिवस कोणाशी नीट बोलले नाही आणि घरात वाढदिवसाची गडबड. नायेली म्हणाली, "आई, तू तुझ्याच घरात पाहुणी असल्यासारखी काय फिरतेस?"

आधी माझं सांगते. आई तिला माझ्या नावाने हाक मारायची हे वाचून मी आनंदाने रडायला हवं होतं. मी रडले, पण आनंदाने नाही. "हो आई, आले," हे माझे शब्द होते. ते ती बोलली. रोज बोलली. मला एकदाही बोलता आले नाहीत. मी तिच्याकडे गेले आणि काउंटरवर हात आपटून म्हटलं, "माझ्या नावावर तुम्ही माझ्या आईला काय काय बोललात ते सगळं सांगा." ती घाबरली. मग तिने दुकान बंद केलं आणि सांगितलं. दोन तास सांगत होती. मी तिला पदोपदी टोकत होते, "ती असं म्हणाली? मग तुम्ही काय म्हणालात? मी असं बोलले नसते." ती म्हणायची, "माफ करा, मला दुसरं सुचलं नाही."

तुझ्याबद्दल ती काय म्हणाली तेही ऐक. म्हणाली, "मी दुपारी तासभर जायचे आणि हात धरायचे. बाकीचे तेवीस तास त्या होत्या. सिरिलाबाई गेल्या तेव्हा त्यांच्या पाठीवर एक जखम नव्हती. गावात सगळ्यांना माहीत आहे." तुला हे तिने कधी तोंडावर सांगितलं नाही, कारण आईचा हात सोडला की तू तिला बसू द्यायची नाहीस.

आता नऊ तारखेचं. तू म्हणालीस फोटो पाठवू नकोस, तरी पाठवतेय. एकशे साठ माणसं आली. त्यांना नातिविदादचा मोले वाढला. मी माइक घेतला आणि सांगितलं, हा मोले नातिविदादबाईंचा आहे, त्या माझ्या आईकडे शिकल्या. तुला याचा राग येईल. येऊ दे. इतकी वर्षं तिचं नाव कोणी घेतलं नव्हतं.

घरच्यांच्या टेबलावर मात्र तुझा मोले होता. मी स्वतः गरम केला. साखर घातली नाही. कडू होता ताई, चांगलाच कडू. अबुंदियोने मान खाली घालून ताट संपवलं आणि एवढंच म्हणाला, "मिरची छान काळी आहे." नायेलीने एक घास घेतला आणि विचारलं, "मावशीने हा जाळलाय का?" मी म्हटलं, "हो, तुझ्यासाठी जाळलाय, खा." तिने खाल्ला. झगा भरेल म्हणून मानेला टॉवेल बांधून खाल्ला. तो फोटो सगळ्यात वर ठेवलाय.

लोक गेल्यावर आम्ही हॉलच्या मागच्या खोलीत भांडी आवरत होतो. नातिविदाद म्हणाली, "तुमच्या ताईंचा उरलाय का थोडा? मला वाढा." मी म्हटलं, "राहू द्या, तुम्हाला तो घशाखाली उतरणार नाही." तिने ऐकलं नाही. उभ्या उभ्याच ताट हातात घेऊन जेवली, भाकरीने पुसून पुसून. मग आणखी घेतला. मी पाहिलं तर तिच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं.

मी म्हटलं, "कडू आहे ना? सांगत होते मी तुम्हाला."

म्हणाली, "बिया फार जळल्यात. तीळ कच्चे राहिलेत. देल्फिनाबाई, मला तुमचा फार हेवा वाटतो."

"माझा? एवढा चांगला हात तुमचा आणि हेवा माझा?"

"मी दीडशे माणसांना जेवायला घालते," ती म्हणाली. "पण ज्याला येत नाही त्याने महिनाभर खपून, भीत भीत, एवढ्या लांबून माझ्यासाठी काही करून पाठवावं, असं मला जगात कोणी नाही."

मी भांडी पुसत राहिले.

ताई, नोव्हेंबरात डबे दोन कर. दुसऱ्यावर तिचं नाव तू स्वतःच्या हाताने लिही.

देल्फिना